राजारामपुरीतलं केबलचं दुकान आणि आमच्या दोन राउटरमधली वायर

राउटरला राउटर जोडायची वायर घ्यायची असेल तर कोल्हापुरात या दुकानाइतकं समजून-उमजून काम करणारं मला तरी दुसरं भेटलेलं नाही. दुकान लहान, राजारामपुरीच्या आतल्या गल्लीत. पुढं सीसीटीव्हीचे कॅमेरे टांगलेले, मागं केबलच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. इथले मामा वायर दाखवायच्या आधी विचारतात: अंतर किती? दोन्ही टोकं एकाच लाइटच्या मीटरवर आहेत का वेगळ्या? वाटेत थ्री फेजची लाइन कुठून जाते? राउटरची पोर्टं (वायर घालायच्या खाचा) शंभर मेगाबिटची का गिगाबिटची, म्हणजे हजाराची? उत्तरं मिळेपर्यंत कात्री हातात घेत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला हे कटकटीचं वाटेल. मला ते फार आवडलं, कारण या प्रश्नांमधूनच वायर ठरते.

आमचं शिवाजी उद्यमनगरात मशिन शॉप आहे. रस्त्याला लागून ऑफिस, मागं पत्र्याच्या शेडमध्ये व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापायची) मशिनं आणि त्यावर ड्रॉइंगची खोली. इंटरनेट येतं ऑफिसातल्या राउटरवर. शेडमध्ये दुसरा राउटर, त्याच्यावरून मशिनला प्रोग्रॅम जातो. डायच्या कामाचे प्रोग्रॅम इतके मोठे असतात की आमच्या जुन्या मशिनच्या मेमरीत मावत नाहीत. कटिंग चालू असतानाच ते कॉम्प्युटरवरून पुढं पुढं सोडावे लागतात. मधेच डेटा अडकला तर टूल जागच्या जागी फिरत राहतं आणि जॉबवर बारीक रेघ पडते. हात फिरवला की नखाला लागते ती. पॉलिशवाल्या पोराचा वेळ जातो तो जातोच, शिवाय मापाच्या जागी पडली तर जॉबच हातचा गेला. घरात व्हिडिओ मिनिटभर अडकला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथं बिघडतं, म्हणून मी वायरच्या मागं लागलो.

आधीची वायर एका ठेकेदारानं टाकली होती. काम झालं तेव्हा त्यानं टेस्टर लावून दाखवला, एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागले, पैसे घेऊन गेला. पण शेजारच्या खणात वेल्डिंग सेट सुरू झाला की नेट खाली बसायचं. राउटरच्या पानावर लिंकचा वेग गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिट दिसायचा, कधी कधी लिंकच तुटून परत लागायची. त्या वायरचं एक टोक प्लगसकट कापून मी मामांच्या काउंटरवर ठेवलं.

त्यांनी प्लग टेबललॅम्पखाली धरला, पारदर्शक प्लॅस्टिकमधून रंग वाचले आणि म्हणाले, "साहेब, ह्यात जोड्या फोडल्यात."

हे नीट सांगतो, कारण कोल्हापुरात अशा किती वायरी भिंतीत असतील कुणास ठाऊक. केबलमध्ये आठ तारा असतात, पण त्या सुट्या आठ नसतात, पिळलेल्या चार जोड्या असतात. एका जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. बाहेरून वेल्डिंगचा, मोटरचा त्रास आला तर पिळामुळं दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि पलीकडचं पोर्ट दोन्हींतला फरक तेवढा वाचत असल्यामुळं तो त्रास कटून जातो. प्लगच्या आठ पिनांत जोड्या बसवायची रीत ठरलेली आहे: पहिली-दुसरी एक जोडी, तिसरी-सहावी एक, चौथी-पाचवी एक, सातवी-आठवी एक. म्हणून ए आणि बी या रंगांच्या दोन ठरलेल्या क्रमांपैकी आपल्याकडं सगळीकडं चालणारा बी क्रम असा लागतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, हे दिसायला विचित्र आहे, पण कामाचं तेच आहे.

आमच्या ठेकेदारानं रंग सरळ ओळीनं लावले होते. नारिंगी झाली की हिरवी-पांढरी, लगेच हिरवी, मग निळीच्या दोन. दोन्ही टोकांना सारखंच. त्यामुळं तिसरी पिन तिसरीला आणि सहावी सहावीला पोचत होती, टेस्टर बिचारा तेवढंच बघतो, म्हणून आठही दिवे लागले. पण तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीतली तार आणि सहाव्या पिनवर निळ्या जोडीतली. दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. आतल्या आत एका जोडीचा आवाज दुसरीत घुसतो आणि बाहेरचं वेल्डिंगही सरळ आत येतं. आमचं दुखणं तिथंच होतं. मामांनी हे निदान करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्या वेळात चहासुद्धा आला नव्हता.

दुसरं दुखणं मी स्वतः मोजलं. मायक्रोमीटर रोज हातात असतो. जुन्या केबलच्या तारेवरचं आवरण काढून ब्लेडनं हलकेच खरवडलं तर वर तांब्याची झिल्ली आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही बरीच आत. बाजारात सीसीए म्हणून जी स्वस्त केबल मिळते ती हीच. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं, वाकवलं की लवकर तुटतं, आणि इथरनेट केबलची जी मानकं आहेत त्यांत ते बसतच नाही. केबलवरूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ही वायर गरमही होते. गिऱ्हाइकाला हे कळावं म्हणून मामांनी काउंटरवर दोन तुकडे सोलून ठेवलेत, एक शुद्ध तांब्याचा आणि एक हा, बाजूला ब्लेड. कुणीही खरवडून बघावं. असं करणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता घेतलेली केबल कॅट-सिक्स (कॅट म्हणजे केबलची प्रत), शुद्ध तांब्याची, २३ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा). २३ गेजची तार ०.५७ मिलिमीटरच्या आसपास भरायला पाहिजे, २४ गेजची ०.५१. मी दुकानातच मोजली, ०.५७ आली. मामांना राग आला नाही, उलट आतल्या पोराला बोलावून मायक्रोमीटर कसा धरायचा ते बघायला लावलं. केबल टाकून झाल्यावर लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळून अलीकडं मल्टिमीटर लावला. ४५ मीटर जायचे, ४५ यायचे, सहा ओहमच्या जवळपास आले. हिशेबानं एवढेच यायला पाहिजेत. सीसीएची तार याच जाडीची असती तरी दीडपटीच्या वर गेले असते. मल्टिमीटर ज्याच्याकडं आहे त्यानं ही तपासणी जरूर करावी, पैसे लागत नाहीत.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीच्या कॅट-सिक्समध्ये २३ गेजचीही पेटी मिळते आणि २४ गेजचीही, तेव्हा पेटीवरच्या नावापेक्षा केबलच्या अंगावर छापलेली ओळ वाचावी. मामांकडं सुटी केबल मीटरला ३६ रुपये पडली. सीसीए त्याच्या निम्म्याहून कमीत मिळते. पूर्ण पेटी ३०५ मीटरची असते, एवढी लागत नसेल तर सुटीच घ्यावी. कॅट-फाइव्ह-ईसुद्धा गिगाबिट शंभर मीटरपर्यंत बिनघोर नेते, तेव्हा घरात दोन राउटर जोडायला तीही पुरते. कॅट-सिक्सचा फायदा पुढं दहा गिगाबिटला होतो, तोही ५५ मीटरच्या आतच. शंभर मीटर न्यायचं तर सिक्स-ए लागते. मी सिक्स घेतली ती आतल्या जोड्या जास्त घट्ट पिळलेल्या असतात म्हणून. वेल्डिंगच्या शेजारी तेवढा जादा आधार हवाच होता.

मी शील्डवाली, म्हणजे तारांभोवती धातूची पन्नी असलेली, केबल मागितली होती. पैसे जास्त मिळाले असते, तरी मामांनी दिली नाही. म्हणाले, "शील्ड घेतली तर प्लगबी धातूचा, जॅकबी धातूचा आणि अर्थिंग पक्कं पायजे. ह्यातलं एक जरी ऱ्हायलं तर ती पन्नी अँटेना हुती. आधी वाट बदला, मग बघू." ते आमच्या शेडला येऊन गेले. जुनी वायर थ्री फेजच्या ट्रेमध्येच, पॉवर केबलला चिकटून पार शेवटपर्यंत नेलेली होती. आता नवी केबल समोरच्या भिंतीनं वेगळ्या पीव्हीसी पायपातून नेली आहे. एकाच ठिकाणी पॉवर लाइन ओलांडावी लागते, तिथं काटकोनात ओलांडली. पत्र्याबाहेरून जाणारा तुकडाही पायपात आहे, पण केबलही बाहेर चालणारी काळ्या पीई आवरणाची घ्यायला लावली, कारण साधं करडं आवरण उन्हात तडकतं आणि आपल्याकडचा पाऊस एकदा आत शिरला की जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर निघत नाही.

क्रॉस केबलचा विषय इथं सांगायलाच हवा. आमच्याकडं डिप्लोमा झालेला एक हुशार पोरगा आहे, तो म्हणाला राउटरला राउटर जोडताना एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी क्रम लावायचा असतो. पुस्तकातलं ते बरोबरच आहे. जुन्या शंभर मेगाबिटच्या पोर्टात पाठवायची जोडी वेगळी आणि घ्यायची वेगळी असायची. सारख्याच जातीची दोन पोर्टं समोरासमोर आली की पाठवणाऱ्यासमोर पाठवणारी यायची, म्हणून वायरीतच नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायला लागायची. एकाच्या लॅन पोर्टातून (आतल्या नेटवर्कच्या) दुसऱ्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट येणाऱ्या) जायचं असेल तर तेव्हाही सरळ वायरच चालायची. आता पोर्ट स्वतःच ओळखतं आणि आतल्या आत अदलाबदल करतं, त्याला ऑटो एमडीआय-एक्स म्हणतात. गिगाबिटमध्ये तर चारही जोड्यांवरून एकाच वेळी जाणं-येणं दोन्ही चालतं. मामांनी त्या पोराला बाजूला बसवून हे कागदावर काढून दाखवलं, त्याला कमी न लेखता. क्रॉस केबल आजच्या राउटरला लावली तरी चालते, पण पुढं कुणी एक टोक तोडून नवीन प्लग बसवला की गोंधळ होतो. म्हणून दोन्ही टोकांना बी. कॉलेजच्या लॅबमधली जाड सिरियल केबल आणि ती फिकट निळी चपटी कन्सोल केबल यांचा या कामाशी संबंध नाही.

जोडणीला आलेला कारागीर वयानं लहान, पण हात असा की मी काम थांबवून बघत उभा राहिलो. आवरण सोलताना ब्लेड पूर्ण आत घातलं नाही, गोल फिरवून खाच पाडली आणि वाकवून तोडलं, म्हणजे आतल्या तारेला चरा जात नाही. कॅट-सिक्सच्या पोटात जोड्या वेगळ्या ठेवणारी प्लॅस्टिकची अधिकच्या खुणेसारखी पट्टी असते, ती मुळापाशी कापली. पुढं प्लग न लावता भिंतीवरच्या जॅकमध्ये (सॉकेटमध्ये) केबल ठोकली. जॅकच्या फटीत तार टाकायची, पंच टूल दाबायचं, आवरण चिरून तार पकडली जाते आणि जादा टोक तुटून पडतं. जोडीचा पीळ जॅकच्या तोंडापर्यंत जसाच्या तसा ठेवला होता. उकललेला भाग १३ मिलिमीटरच्या पुढं जाऊ नये असा नियम आहे. मी स्केल लावली, त्याच्याही आतच होता.

भिंतीतली केबल भरीव तारेची असते आणि सारखी हलवली तर तुटते. म्हणून ती जॅकमध्ये कायमची बसवायची आणि जॅकपासून राउटरपर्यंत तयार मिळणारी मऊ पॅच कॉर्ड वापरायची. मानकातही हेच धरलंय: ९० मीटर कायमची केबल, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. जॅक, प्लेट, कॉर्ड यांचे मिळून बिल थोडं वाढतं, पण राउटर उचलून पुसताना वायरीवर ताण येत नाही. कुणाला प्लगच लावायचा असेल तर कॅट-सिक्सचाच मागून घ्यावा, जुन्या प्लगच्या भोकात २३ गेजची तार शिरत नाही. आणि बाहेरचं आवरण प्लगच्या खिळीखाली दाबलं गेलंय का ते बघावं. रंगीत तारा प्लगच्या बाहेर डोकावत असतील तर तो प्लग कापून परत लावायला सांगावा, लाजू नये.

राउटरचं सेटिंग त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं, तरी कारागिरानं करून दिलं. ऑफिसच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, बाकीच्यांना पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) त्याच्याकडंच. शेडचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता ऑफिसचंच नेटवर्क पुढं देतो. ज्या राउटरला हा मोड नसतो त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करायचा, डीएचसीपी बंद करायचं आणि केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात घालायची, वॅनचं पोर्ट रिकामं सोडायचं. ठेकेदारानं केबल वॅनमध्ये घालून सोडून दिली होती, त्यामुळं शेडचं वेगळंच नेटवर्क तयार झालेलं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मशिन दिसतच नव्हतं. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन पोरं शेड ते ऑफिस फेऱ्या मारायची. आणखी एक गोष्ट त्यानं बजावली: जादा वायर शिल्लक आहे म्हणून दोन राउटरमध्ये दुसरी वायर लावायची नाही. डेटाची पाकिटं गोल फिरत बसतात आणि सगळं नेटवर्क ठप्प होतं.

आता तक्रारी. त्यांच्याकडंही दिव्यांचाच टेस्टर आहे. केबलची खरी तपासणी करून छापील अहवाल देणारं महागडं यंत्र नाही आणि मामा ते आधीच सांगतात. फोडलेली जोडी दिव्यांचा टेस्टर पकडत नाही हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याकडं ते यंत्र असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, निदान कारखान्यांच्या कामासाठी तरी. त्याऐवजी आम्ही दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम चालवला, ९४० मेगाबिटच्या आसपास वेग आला. गिगाबिट लिंकवर हातात एवढाच पडतो, बाकीचा पाकिटांच्या वेष्टनात जातो. मग वेल्डरला मुद्दाम सेट चालू करायला लावून तीच चाचणी परत घेतली. आकडा हलला नाही.

दुकान दुपारी बंद असतं, फोन उचलला जाईलच असं नाही, आणि गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही. कारागीर सांगितलेल्या वेळेला येत नाही. आला की मात्र काम पुरं केल्याशिवाय जात नाही. बिल जीएसटीचं मिळतं, पण मागावं लागतं.

शेवटी, ज्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायचंय त्यांच्यासाठी. गल्लीपलीकडच्या शेडला तिसरा राउटर लावायचा माझा विचार होता. अंतर फार नाही, शंभर मीटरच्या बरंच आत. मामांनी तांब्याची वायर द्यायला साफ नकार दिला. त्या शेडचा मीटर वेगळा, अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगांत फरक पडला की तो केबलवरून वाट काढतो, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तेव्हा जवळपास वीज पडली तर दोन्हीकडची पोर्टं एकदम जातात. तिथं फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकायची, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे उजेडाचा सिग्नल तांब्याच्या वायरीवर आणणारे डबे, लावायचे. काचेतून वीज जात नाही. फायबरचं काम ते स्वतः करत नाहीत. स्प्लायसिंगचं (फायबरची टोकं जोडायचं) यंत्र असलेल्या शाहूपुरीतल्या एका माणसाचा नंबर त्यांनी दिला आणि स्वतःचं त्यात काही ठेवलं नाही. ते काम पावसाच्या आधी करून घेणार आहे.